तेरावी थाप

एप्रिल. बडोदं बेचाळीसवर.
फ्रिज बंद करून, दार उघडं टाकून
मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आहे,
खाली परात, परातीखाली जुनी चादर.
सव्वीस वर्षांचा फ्रिज. आपला आपण वितळत नाही.
दर महिन्याला वरच्या कप्प्यात इतका बर्फ साचतो
की मटारची पिशवी भिंतीत चिणल्यासारखी दिसते.

"सुरी घाला, पटकन निघेल,"
दक्षाबेन दारातून सांगतात.
सुरी घालायची नसते. आत नळी असते, गॅस असतो.
वाट बघायची असते.
तिथे मी एवढंच शिकले,
आणि त्याला एकोणीस दिवस लागले.

आम्ही पाच जण. पायांत स्की, कमरेला एकच दोर,
हिमनदीच्या पाठीवरून
या खोऱ्यातून त्या खोऱ्यात.
मे महिना होता. वसंत तिथे उशिरा पोचतो
आणि पोचला की घर मोडायला काढतो.
म्हणून रात्री दोनला निघायचं,
बर्फावर साय घट्ट असताना.
स्कीच्या कडा तिच्यावर करकरत,
पाटीवर पेन्सिल ओढावी तशा.
नऊला साय ओली. दहाला भिजलेला रवा.
अकरानंतर उताराकडे बघायचंसुद्धा नाही;
तंबूत पडून ऐकायचं,
दूर कुणी पोत्यांवर पोती धान्य ओततंय.

पंधराव्या रात्री आभाळ आलं.
बडोद्यात आभाळ आलं की माणसं गच्चीवर जातात.
तिथे ढग म्हणजे रजई.
उतारानं दिवसाची ऊब अंगाशी धरून ठेवली
आणि साय धरलीच नाही.
मी काठी रोवली. मुठीपर्यंत आत.

उजाडता उजाडता खिंड दिसली.
"चारशे मीटर," भूपेन अमीन म्हणाला, "वीस मिनिटं."
खाणं दोन दिवसांचं उरलं होतं.
अंगदुई बोलला नाही. त्यानं फावडं काढलं,
छातीएवढा खड्डा खणला,
भिंतीतून बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला
आणि माथ्यावर पातं आडवं ठेवलं.
मनगटातून दहा थापा. काही नाही.
मग कोपरातून. अकरा. बारा.
तेराव्या थापेला वरचा हातभर थर
अलगद सुटून माझ्या मांडीवर आला.
खाली साखर.
जाड, सुटी, कशालाच न धरणारी,
जानेवारीपासून तशीच,
वर सगळं गुळगुळीत दिसत असताना.

"तेरावी थाप," खानविलकर म्हणाला,
"घरच्यांनी तेरावं घालण्यापेक्षा बरी."
कुणी हसलं नाही.
मत विचारलं तेव्हा 'परत' म्हणणारी पहिली मी.
भूपेन त्यानंतर चार वर्षं
रावपुऱ्यात दिसला की रस्ता ओलांडायचा.

दुपारपर्यंत मी वळून वळून बघत होते.
उतार तसाच. पांढरा. निजलेला.
विश्वामित्रीच्या चिखलात मगर पडलेली असते,
पुलावरची माणसं म्हणतात, मेली असेल,
आणि एखादा खडा मारून बघतो.
आम्ही खडा मारला नाही.
तो उतार कोसळला का, कधी,
की जूनमध्ये निमूट पाणी होऊन गेला,
मला आजही ठाऊक नाही.

घरी आल्यावर सगळे विचारत,
पार केलं का?
नाही.
मग झालं काय?
काही नाही.
हे सांगताना मला अजून अवघडतं.
काही न झाल्याचा फोटो नसतो.

चार वाजून दहा मिनिटं. धप्प.
"काय पडलं?" पलीकडून दक्षाबेन.
परातीत कप्प्याएवढी लादी.
उन्हात धरून बघते: मार्चचे थर, एप्रिलचे थर,
मधे लाइट गेली होती
त्या रात्रीचा एक राखाडी पट्टा.
तिथेच अंगठा दाबते.
लादी तिथेच दुभंगते.

मटारावरची तारीख केव्हाच उलटून गेली आहे.
तरी आधण ठेवते.