तिसरं पूज्य

ऑक्टोबरच्या बैठकीला आम्ही सातजण.
चॅपलची मागची खोली, हीटर नादुरुस्त,
कोट कुणीच काढले नाहीत.
विषय पहिला: बसथांब्याजवळची कुंडी पुन्हा उलटली.
वारा असेल, किंवा शनिवारची रात्र.
विषय दुसरा: जिरेनियम थंडीआधी आत घेणे.
इदवालच्या गॅरेजात जागा आहे,
डॉक्टरांनी त्याची गाडी बंद केल्यापासून.
तिसरा विषय दारातच उभा होता,
विचारत होता, पोती कुठं उतरवू?

मागवायचे होते चारशे कंद.
आले चार हजार.
डॅफोडिलचे. कांद्यासारखे दिसतात, कांदे नव्हेत,
भाजीत घालाल तर दवाखाना गाठाल,
हे ग्विलिमनं प्रत्येकाला बजावलं,
कुणी विचारलं नसताना.

फॉर्म तेगवेनच्या हातचा.
एकतीस वर्षं तीच भरते.
चारापुढे एक पूज्य, दुसरं पूज्य,
आणि मग तिसरं, जरा पसरट,
पाण्यात खडा पडल्यावर उमटावं तसं.
या गावाच्या उशाशी पाटीच्या दगडाचा डोंगर आहे,
कुठकुठच्या पोरांनी त्याच्यावर अंक गिरवले.
पाटी असती तर बोटानं पुसलं असतं.
फॉर्म शाईचा होता.

तिनं उजवा हात खिशात घातला.
उन्हाळ्यापासून तो हात कप उचलतो
तेव्हा कप बशीशी बोलतो.
आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.
एकानंही ऐकलेलं नाही.

परत पाठवायचं भाडं कंदांपेक्षा महाग,
तेव्हा सलग तीन शनिवार खणलं.
शाळेच्या मुलांनी अर्धे उलटे लावले;
हेविन म्हणाला, राहू देत,
वर कुठे ते कंदाला अंधारातही कळतं.
चिप्सच्या दुकानातल्या सेलाहत्तिननं साठ नेले,
बदल्यात गरम चिप्स, व्हिनेगर जास्त.
लाउरी आणि नेरिस, सख्ख्या बहिणी,
कुंपणावरून भांडून नऊ वर्षं झाली,
त्याच कुंपणाला दोन बाजूंनी खणत गेल्या,
एकमेकींकडे न बघता,
पण एकाच वेगानं.
शेवटचं पोतं व्हॅनच्या दिव्यांत संपवलं,
रग्बीच्या मैदानाकडेला, भुरभुर पावसात.
कुठे किती लावले
कुणी लिहून ठेवलं नाही.

इतिवृत्त मात्र मी लिहितो.
लिहिलं: मागणीत चिटणिसाकडून एक पूज्य जास्त पडले. दिलगीर आहे.

तेगवेननं वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.
म्हणाली, तुझ्या शुद्धलेखनाबद्दल
मी इतकी वर्षं गप्प राहिले,
पण अंकांत तू कधी चुकला नव्हतास.
मग सही केली.
डोंगरातल्या पायवाटेसारखी ती सही
दोनदा वाट सोडून गेली
आणि घरी आली.

सभासदांसाठी सूचना:
फावडी धुऊन, तेल लावून ठेवावीत.
डिसेंबरात बैठक नाही. हातमोज्यांचा एक जोड माझ्याकडे आहे,
तपकिरी, कुणाचा ते सांगा.
मार्च लागला की पायाखाली बघून चाला,
रस्त्याकडेला, कुंपणात, गोलपोस्टमागे,
कुठून काय वर येईल सांगता येत नाही.
पुढच्या वर्षीचा फॉर्म तेगवेनच भरेल.
ठराव एकमतानं मंजूर.

एक मत विरोधात होतं, तिचंच.
ते मोजलं नाही.