सत्र दुसरे

शनिवार. राजापूरची बार रूम.
पंखा चालू, प्रोजेक्टर बंद.
रत्नागिरीहून आलेली मुलगी,
माझ्या सनदेपेक्षा वयाने लहान,
व्यावसायिक जबाबदारी शिकवते आहे:
अशिलाचा पैसा एक दिवसही आपला नसतो.
शेजारी तुळसणकर वकील
मांडीवर काळ्या कोटाची घडी घेऊन
केव्हाच झोपलेत.

मी लिहून घेतो. अक्षर हलतं.

जैतुनबी होडेकर.
नवरा घाटातल्या वळणावर गेला.
भरपाईची रक्कम माझ्या खात्यात
अकरा दिवस राहिली.
थोरलीची फी भरायची शेवटची तारीख होती.
बाराव्या दिवशी उसनवारी करून सगळे दिले,
पैसुद्धा कमी नाही.
तिने मोजले नाहीत.
पिशवीतून सोड्यांची पुडी काढली,
म्हणाली, ‘वकीलसाब, तुमच्यामुळं.’

ते सोडे आम्ही खाल्ले.
कांदा घालून. चांगले झाले होते.

चहा आला, हजेरीचा कागद फिरला.
खिडकीबाहेर ओहोटी,
अर्जुनेच्या गाळात एक होडी
कुशीवर टेकलेली.
‘कुणाला काही शंका?’

सव्वीस वर्षांनी हात वर केला.
विचारलं, पैसे पोचले, तक्रार नाही,
मधल्या अकरा दिवसांना
कुठलं कलम लागतं?

मुलीने पेन खाली ठेवलं.
तुळसणकर जागे झाले.