पाचवा ट्रे

बाटलीतून चिमट्यानं काढलं तेव्हा
रोप पाण्यासारखं हललं.
पात केसाएवढी, बुडाशी गव्हाच्या दाण्याएवढी गाठ.
याला लसूण म्हणायचं धाडस होईना.
वाससुद्धा नव्हता.

मुळांवरची जेली कोमट पाण्यात सोडवायची,
कणही राहता कामा नये.
साखर असते तिच्यात,
बुरशी टपलेलीच असते.
यावलच्या त्या शेडमध्ये आजवर मी केळीच हाताळलेली.
केळी दांडगी, टेकवली की म्हणते, बरं.
ही तशी नव्हती.

तडवी मॅडमनी ट्रे मांडले.
पहिल्यात नुसतं कोकोपीट.
दुसऱ्यात तापीची वाळू, तीनदा धुतलेली.
तिसऱ्यात कोकोपीट, पर्लाइट, गांडूळखत,
वहीतल्या मापानं.
चौथ्यात आपली काळी, चाळून, वाफवून.
मी मनात काळीवरच पैज लावली.
अख्खा तालुका जिच्यावर पोसला
ती एवढ्याशा जिवाला नाही म्हणेल?

पाचवा रिकामा होता.
बेबाबाईनं विचारलं नाही, सांगितलं नाही,
नवापूरहून भावानं आणलेला
भाताचा जाळलेला तूस त्यात मिसळला
आणि लेबलवर नुसती फुली मारली.

वरून प्लास्टिक. आत धुकं.
बाहेर ऑक्टोबरचं ऊन, पत्र्याला हात लावू देईना.
मी कड उचलून बघायला गेले तर बेबाबाई ओरडली,
"उघडं नको करू, यास्ले वारा माहीत नही!"
खरंच. बाटलीत कधी वारा नसतो.
पानाला मेण नाही, तोंड मिटायचं ठाऊक नाही,
तहान काय ते अजून कुणी शिकवलेलं नाही.

मग रोज बोटभर उघडायचं.
आज एक बोट, परवा दोन.

काळीनं पाणी धरून ठेवलं,
माहेरी आलेल्या लेकीला धरून ठेवतात तसं,
आणि मुळं गुदमरली.
पन्नासातली चार उरली.
वाळूत बावीस.
बेबाबाईच्या फुलीत एकतीस.
वहीतल्या मापात अडतीस.
बेबाबाई आकडे ऐकून म्हणाली, "बरं."
आणि राखेचं पोतं आवळून बांधलं,
टाकलं मात्र नाही.

मेलेली उपटायचं काम माझं.
काळीतलं शेवटचं बोटांत चुरगाळलं गेलं,
आणि आला.
बारीक, पण लसणाचाच.

बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडत सरकून बसली.
मी हात मांडीवर उघडे ठेवले.