तृतीयपुरुषी एकवचनी

"त्यानं गोळी घेतली काय?"
दादा आईला विचारतो.
मी दोघांच्या मधे,
दिवेलागणीच्या आधीचं जेवण,
भाकरी मोडत बसलेला.

अकरा वर्षं झाली, या घरात मी 'तो' आहे.
त्याला झोप लागली बघा.
त्याला एकट्याला सोडू नका.
बहिणीच्या पोरीला बघायला आले
तेव्हा त्याचा चहा माडीवर गेला,
बशी वर झाकून.

खरं सांगू? आवाज तरी परवडायचे.
शिव्या द्यायचे, पण पुऱ्या नावानं:
ऊठ, धनपाल आदगोंडा मगदूम,
आयटीआय टर्नर, फर्स्ट क्लास,
ऊठ की, भाड्या.

गोळ्यांनी ते गेले.
वाईट गेले म्हणत नाही.
पण त्यानंतर माझं नाव
फक्त केसपेपरावर.

मंगळवारी सीपीआरला
नवी मुलगी होती, कागद घेऊन.
घरात तुमचं मत विचारतात?
नेहमी, कधीकधी, कधीच नाही.
आई म्हणाली, "त्याला कसलं मत असतंय, बाई."
मुलीनं पेन माझ्याकडंच धरून ठेवलं.
मागं रांग खोकत होती.
हात थरथरतो माझा,
खूण दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर पडली.
तिनं खोडली नाही.

उद्यमनगरात दादाच्या शेडमधे दोन लेथ.
त्यातली खिडकीकडची माझी होती.
परवा पार्टीकडून बुश परत आले, पोतंभर.
एक त्यानं बिलांवर ठेवलेला,
कागद उडू नयेत म्हणून.
मी उचलला. आतून नख फिरवलं.
हात थरथरतो, नखाला मात्र
अजून सगळं कळतं.

"टूल बोथट झालंय," मी म्हणालो.
"आत बर राहतीया."
कुणाला म्हणालो, माहीत नाही.
भिंतीला बहुतेक. सवय आहे.

दादानं सवयीनं आईकडं बघितलं,
"काय म्हणतोय त्यो..."
आणि थांबला.
पंख्याचा आवाज तेवढा.
मग माझ्याकडं वळून:
"कुठं?"

एवढंच. त्यात 'तू' नव्हता.
'तो'सुद्धा नव्हता.

मी बोट ठेवलं.
ते हलत होतं, म्हणून दुसऱ्या हातानं धरलं.
तो चष्मा शोधायला उठला,
आला,
आणि बल्बखाली वाकून
बघत राहिला.