अपेक्षित उत्तर

स्टॉकपोर्टला, हॅटच्या जुन्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
मी एक माणूस लिहिते, जो नाही.
तो फाइल उघडतो, चौदाव्या ओळीवर कर्सर ठेवतो,
एक टिंब टाइप करतो आणि थांबतो.
पलीकडून सर्व्हरने सुचवायचं, पुढे काय काय येऊ शकतं.
दोन सेकंदांत नाही सुचलं तर लाल.
त्याला कंटाळा नाही, चहा नाही.
रात्री अडीचला तो चारशे बारा वेळा विचारतो,
हे नाव कुठून आलं?

नमुन्याच्या फाइलीत एक नाव हवं होतं.
डेक्लन नेहमी फू-बार घालतो.
मी घातलं ज्योत्स्ना.
सकाळी सगळं लाल.

मला ती दोन अक्षरं.
एडिटरला दहा:
काना-मात्रा वेगळ्या, पाय मोडलेले तेही वेगळे.
सर्व्हरला तीस, कारण तो बाइट मोजत होता.
कर्सर वीस घरं पुढे गेलेला,
ओळ संपून गेल्यावरच्या रिकाम्यात उभा.
डेक्लन स्क्रीनशी वाकला:
यात नाव नक्की संपतं कुठे?
मी बोट ठेवलं. काचेवर ठसा राहिला.

मोजणी सुधारण्यात आठवडा गेला.
मग नावबदलाची चाचणी.
एकदाच सांगायचं, आणि चौतीस ठिकाणी
जुनं जाऊन नवं यायचं.

आईचं असंच झालं होतं, सांगलीत,
ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून.
ज्योत्स्नाची सुमती.
रेशनकार्ड, मतदारयादी, बाबांची हाक,
माझ्या दाखल्यावरचा रकाना,
सगळीकडे एका दमात.
फक्त पोस्टाच्या पासबुकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.
तिथे दर महिन्याला पाच रुपये
ज्योत्स्ना भरत राहिली,
सही तीच, शाळेतली, वळणदार.

चौतीस झाली.
पस्तिसावी जागा टिप्पणीत होती,
यंत्र जी वाचत नाही त्या ओळीत.
तिथे जुनं नाव तसंच.
हा बग ना? डेक्लनने विचारलं.
विटांच्या उंच पुलावरून गाडी गेली,
कपातला चमचा थोडा वाजला.
मी अपेक्षित उत्तराच्या रकान्यात लिहिलं:
बदल चौतीस.
टिप्पणीला हात लावू नये.
आणि त्या नसलेल्या माणसाला
परत पहिल्या ओळीवर पाठवलं.