दोन गंधारांच्या मधे

क्लिंगेनथालच्या चढावरच्या कारखान्याला कुलूप आहे.
पण खाली, झ्वोटा नदीच्या काठाशी, बेकरीच्या मागे
रोझविथा ड्योर्फलची खोली सकाळी सातला उघडते.
टेबलावर कानशी, पातळ पात्याची सुरी,
शिसपेन्सिल, कालचा अर्धा पाव,
आणि हातभराहून लांब एक कॉर्ड हार्मोनिका,
बिजागऱ्या सोडवून, पोट उघडून
पालथी पडलेली.

अठ्ठेचाळीस कॉर्ड, एकेका कॉर्डला आठ पत्त्या.
गुणाकार ती करत नाही.
म्हणते, मोजायला लागलं की हात थरथरतो.

गिऱ्हाइकं येतात ती अशी:
एकाला हिच्यातच बास बसवून हवाय,
कारण त्यांच्या त्रिकुटातला बासवाला
सासऱ्याच्या दुकानात लाद्या विकायला गेला.
चियायीहून त्साय पेइ-चेन चौकोन आखून पाठवते,
खाली बारीक अक्षरात लिहिते:
सगळं दुःख उजव्या टोकाला एकत्र ठेवा,
घाईत सापडायला सोपं जातं.
रोझविथा हसत नाही.
पेन्सिलीने उजव्या टोकाला खूण करते.

आणि मग नोव्हेंबरात, केमीहून,
वेयो रौताला.
बर्फफोड्या बोटीवरचा मेकॅनिक,
ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना भेगा.
त्याला हवं होतं एवढंच:
श्वास सोडला की शुद्ध गंधार,
श्वास ओढला की कोमल.
षड्ज तोच, पंचम तोच, भोक तेच.
त्याचे शब्द अर्थात वेगळे होते.
तो म्हणाला, खोली तीच राहू दे,
फक्त कुणीतरी दिवा घेऊन बाहेर गेलं असं वाटू दे.

"आणि परत आत आलं," ती म्हणाली.
"हो. श्वास सोडणार ना मी कधीतरी."

पत्ती टोकाशी घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो.
एवढीच विद्या. बाकी सगळा धीर,
कारण घासलेलं पितळ परत चिकटत नाही.
तीन दिवस ती कोमल गंधार जागेवर आणत होती,
तो स्टुलावर बसून नुसता ऐकत होता,
जसं न्हाव्याकडे आपला नंबर येईतो बसावं.

तिसऱ्या दुपारी बेकरीचा पोरगा पाव घेऊन आला
आणि जाताना त्याने दार आपटलं.
कानस घसरली.
टोकाशी.
केसभर.

ती मुळाकडे वळणार, सूर खाली ओढणार,
एवढ्यात त्याने पट्टी उचलून ओठाला लावली.
आत घेतलेला श्वास कोमलही नव्हता, शुद्धही नव्हता.
दोन गंधारांच्या मधल्या बोळात
कुणीतरी दिवा हातात धरून
उभंच होतं.

वेयो काही बोलला नाही.
पुन्हा ओढला. पुन्हा.
मग नाक पुसलं, पैसे मोजले,
पेटी लोकरी टोपीत गुंडाळली
आणि चार दहाच्या गाडीने गेला.

आता पत्रं येतात.
तुर्कूहून, ग्रात्सहून, पेइ-चेनचंही एक:
तसलीच चूक आम्हाला करून द्या.
अकरा पट्ट्या वाया गेल्या आतापर्यंत.
केसभर चढवता येतो सूर, यंत्रावर काटाही बरोबर दाखवतो,
पण बोळात कुणी उभं नसतं.
चूक करायला म्हणून बसलं, ती सांगते,
की हात नेमका शहाणा होतो.

शेवटी तिने बेकरीच्या पोराला सांगून ठेवलं:
दार हवं तेव्हा आपट,
फक्त मला आधी कळू देऊ नकोस.

पोरगा मुळात गुणी.
आपल्यामुळे बाईंचं काम बिघडलं होतं,
हेच त्याच्या मनात बसलंय.
तेव्हापासून दार इतकं हळू लावतो
की तो येऊन गेला
हे पावाच्या वासावरून कळतं.