हरकती व सूचना

कराड तहसीलच्या आवारात, झेरॉक्सच्या टपरीला लागून माझं टेबल.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, वारसनोंद.
आज जी बाई आली, ती स्टुलावर बसलीच नाही.
"बिनडायवरची गाडी सोडणार म्हणं हायवेला.
हरकत घ्यायला उद्याची तारीख हाय. लिवा."

अर्जदार: यल्लव्वा तिपण्णा वडार, वय अंदाजे बेचाळीस.
धंदा: रस्त्याच्या कामावर झेंडी दाखवणे.
राहणार: सध्या उंब्रजच्या पुलाखाली, पत्र्याच्या खोलीत;
पूल पुढं सरकला की पत्ता पुढं सरकतो.

मी नेहमीसारखी सुरुवात केली,
'सदर वाहनांस अर्जदाराची तीव्र हरकत असून...'
"खोडा," ती म्हणाली.
"झोप न येणाऱ्या गाडीला कशाची हरकत?
माझा मालक ज्येच्या गाडीखाली गेला
त्यो डायवर हुबळीपासनं जागा हुता, दोन राती.
पोरगंच हुतं. कोर्टाच्या पायरीवर माझ्या पाया पडलं.
गाडी कुणाला पाया पडाया लावंल,
त्येवढं इचारा."

मी लिहिलं: जबाबदारी निश्चित करण्यात यावी.
त्या तीन-चार शब्दांत ते पोरगं काही मावलं नाही.

मग मसुद्याचं कलम नऊ वाचून दाखवलं.
'कामगार' म्हणजे परावर्तक जाकीट व शिरस्त्राण परिधान केलेली,
कामाच्या हद्दीत असलेली व्यक्ती;
अशी व्यक्ती दिसताच वाहन ताशी वीसवर येईल.

"नऊ माणसांत जाकिटं चार," ती म्हणाली.
"एक झेंडीला, एक रोलरवाल्याला,
एक मुकादमाच्या मोटारसायकलीच्या शिटावर,
आन एक रोज कुणीतरी धुऊन वाळत घातल्यालं.
हद्द म्हंजी ती लाल-पांढरी पिंपं ना?
पाण्याचा नळ पिंपांच्या पल्याड हाय.
पोरं पल्याड निजत्यात."
थोडं थांबून,
झेरॉक्सच्या उजेडाकडं बघत,
"त्या राती थंडी हुती.
त्येनं त्येचं जाकीट मला घातलं हुतं."

सत्तावीस वर्षं मी लोकांचं बोलणं सरकारी करून देतो.
हे एकच वाक्य नियमात बसवता बसवता
तसंच उतरवलं:
जाकीट नसलं तरी माणूस धरावा.

"आजून एक," ती म्हणाली.
"रातच्याला डायवरचं त्वांड दिसत न्हाई. म्या दिव्यांकडं बगते.
बिरेक लागला की दिवं जरा खाली वाकत्यात,
मान डोलावल्यागत.
दिवं वाकलं की माझा जीव खाली बसतो.
न्हाई वाकलं तर झेंडी टाकायची आन पळायचं.
त्या गाडीला डोळं किती बी लावा,
पर लांबनंच तिनं दिवं वाकवून दावावं.
तिला आमी दिसलो, ह्ये आमाला दिसाया पायजे."

कलम नऊच्या पुढं मी 'अ' काढला.
एवढं नेमकं कलम मंत्रालयातल्या कुणाला सुचलं नसतं,
असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.
अंगठा घेतला: रेषा थोड्या, भेगा जास्त,
शाई लावायच्या आधीपासूनच काळा.
लिहिणावळ पन्नास. तिनं वीस ठेवले,
"बाकीचं पगाराला," म्हणाली
आणि उंब्रजची वडाप पकडायला निघाली.

या अर्जाचं काय होणार ते मला माहीत आहे.
आवक क्रमांक पडेल. पोच मिळेल, गोल शिक्क्याची.

सहाला टेबल आवरून दत्त चौकात आलो.
एरवी मी गर्दीच्या मागून रस्ता ओलांडतो,
आज एकटाच हात वर करून मध्ये उतरलो.
पाटणकडून वाळूचा ट्रक येत होता, एकच दिवा चालू.
मी त्या दिव्याकडं बघत राहिलो.
तो वाकला.
मग काचेतून डोकं बाहेर काढून
ड्रायव्हरनं मला आईवरून शिवी हासडली.

बरं वाटलं.